‘लेट डाउन’मधले पाच आणि चार

1997 साली रेडिओहेड या बँडचा ‘ओके कम्प्युटर’ हा अल्बम हाती आला, तेव्हा अमेरिकेतल्या कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने विक्रीचा अंदाज 20 लाखांवरून 5 लाखांवर आणला. पहिल्या ऐकण्यात हा अल्बम जड जातो, हे खरंच आहे. कान गायक थॉम यॉर्कच्या दुखऱ्या आवाजामागे जातो आणि ‘उदास आहे’ म्हणून आपण मोकळे होतो. पण या 53 मिनिटांतला खरा ऐवज त्या आवाजाच्या मागे आहे, आणि तो पुन्हा पुन्हा ऐकल्याशिवाय हाती लागत नाही.

त्यातलं ‘लेट डाउन’ हे गाणं घ्या. सुरुवातीला गिटारची बारीक किणकिण येते, गोड वाटते, आपण पुढे सरकतो. पुढच्या वेळी यॉर्कला सोडून फक्त तिच्यावर कान ठेवा. बाकीचा बँड चार मात्रांत चाललेला असतो आणि जॉनी ग्रीनवुडची गिटार पाचांच्या गटात फिरत असते. त्यामुळे तिचा जोर दर आवर्तनात नव्या जागी पडतो आणि बरंच फिरून दोघं पुन्हा समेवर भेटतात. गाणं प्रवासाच्या धावपळीत बधिर झालेल्या माणसाचं. पण त्याच्याखाली ही लय सतत जागी असते. शेवटच्या कडव्यात यॉर्कचाच दुसरा आवाज पहिल्याच्या वर चढतो. पाच-चारचा हा झगडा कानात बसल्यावर ते चढणं ऐकलं की माझा तर ऊर भरून येतो.

हे गाणं बाथजवळच्या सेंट कॅथरिन्स कोर्ट या जुन्या वाड्याच्या नाचघरात, पहाटे तीनला मुद्रित झालं. ‘एक्झिट म्यूझिक’मध्ये आवाजाभोवती जी गार पोकळी ऐकू येते, ती त्याच वाड्यातल्या दगडी जिन्याची.

‘फिटर हॅपियर’ मात्र कितीदाही ऐका, तेवढंच राहतं. संगणकाचा आवाज वाक्यं वाचत जातो आणि त्यातलं सगळं एका ऐकण्यातच कळून चुकतं.

‘एअरबॅग’चं तसं नाही. फिल सेल्वेच्या ड्रम्सचा काही सेकंदांचा तुकडा घेऊन संगणकावर कापून-जोडून त्याचा ठेका केला आहे. त्यावर कॉलिन ग्रीनवुडचा बास दोन-चार सूर वाजवतो, गप्प होतो, परत येतो. गाणं मोटार अपघातातून वाचलेल्या माणसाचं आहे. बासच्या त्या रिकाम्या जागा कानावर यायला मला बरीच वर्षं लागली. आता मी ते गाणं त्या जागांसाठीच लावतो.