पाना कोणाच्या हाती?

एकच वेग असलेली साधी काळी सायकल आता कालबाह्य झाली, असे निदान करणाऱ्यांची शहरांत सध्या चलती आहे. दुकानदार ते सांगतो, कारण त्याला एकवीस गिअरांची सायकल खपवायची असते. नियोजनकार ते सांगतो, कारण त्याच्या आराखड्यातील रंगीत चित्रात हेल्मेट घालून रविवारी सकाळी फिरायला निघालेला तरुणच शोभून दिसतो. हँडलला डबा लटकावून पहिल्या पाळीला निघालेला कंत्राटी कामगार त्या चित्रात बसत नाही. आणि खेदाची गोष्ट ही की, स्वतःला पुरोगामी म्हणविणारी काही मंडळीही त्याच सुरात सूर मिसळतात. जुनी सायकल घरीच खोलून, चार भाग बदलून चालती ठेवणे म्हणजे दारिद्र्याशी केलेली तडजोड, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या मते कष्टकऱ्याने मागायची ती बस किंवा मेट्रो. पाना हाती घेण्यात कसली आली चळवळ?

या तिन्ही शहाण्यांच्या हिशेबातून एक मोठा समाज सुटून जातो. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. शेती आणि घरगुती उद्योग वगळून अन्य कामे करणाऱ्यांपैकी २ कोटी ६० लाखांहून अधिक माणसे सायकलने कामावर जात होती. त्यांतील फार मोठा भाग एकाच वेगाच्या सायकलीवर बसणारा आहे, हे सांगण्यास कोणत्याही पाहणीची गरज नाही. भोसरीच्या किंवा इचलकरंजीच्या रस्त्यावर पाळी सुटण्याच्या वेळी उभे राहिले म्हणजे पुरे. या माणसांच्या दृष्टीने सायकल कालबाह्य झाली की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. ती उद्या सकाळी चालेल की नाही आणि चालवताना गुडघे किती झिजतील, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे असतो. आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यांच्याच हाती आहे, ही गोष्ट त्यांच्यापासून हळूहळू लपविली जात आहे.

काळ्या सायकलीचे खरे वैशिष्ट्य तिच्या मजबुतीत नाही. मजबूत वस्तू पुष्कळ असतात. तिचे वैशिष्ट्य असे की, तिचा कोणताही भाग एका मालकाच्या मुठीत नाही. चेनचा प्रत्येक दुवा अर्धा इंच, चाक अठ्ठावीस इंची, टायर दीड इंची. हिरोचे फ्रीव्हील हर्क्युलिसच्या हबवर चढते, ॲटलसच्या चिमट्यात कोणतेही चाक बसते. तालुक्याच्या बाजारपेठेतील कोणत्याही सायकल मार्टमध्ये लुधियानाच्या लहान कारखान्यांत घडलेला सुटा भाग मिळतो आणि तो विकत घेताना सायकल कोणत्या कंपनीची हे विचारले जात नाही. ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनाचाच मुहूर्त साधून, ॲटलसच्या साहिबाबाद येथील कारखान्यातील कामगारांना काम नसल्याची नोटीस लावण्यात आली. कामगार रस्त्यावर आले. पण ज्यांच्या घरी ॲटलसची सायकल होती, त्यांची सायकल मात्र रस्त्यावरच राहिली, बंद पडली नाही. कंपनी मेली तरी यंत्र जगते, हे आजच्या बाजारात किती वस्तूंबद्दल म्हणता येईल? मोबाईल संचाबद्दल नाही, विजेवरच्या स्कूटरबद्दल तर नाहीच नाही.

घरी बसून या सायकलीत काय सुधारता येते, हे आता नीट पाहिले पाहिजे. कारण टीकाकारांची सारी भिस्त या अज्ञानावर आहे.

सर्वसाधारण काळ्या सायकलीला पुढे ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असतात. पायडलाच्या एका पूर्ण फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे ठीक आहे. पण कॅरियरवर सिलिंडर, दुधाचे कॅन किंवा सुताचा गठ्ठा असेल आणि वाटेत चढ असेल, तर या प्रमाणात पाय मोडतात. १८ ऐवजी २० दातांचे फ्रीव्हील बसविले की तोच फेरा पाच मीटरांच्या आत येतो आणि पायावरचा जोर एकदशांशाने कमी होतो. वेग किंचित घटतो. पण ओझे वाहणाऱ्याला वेगाची स्पर्धा जिंकायची नसते. दात वाढले की चाक खाचेत सुमारे पाव इंच पुढे सरकवावे लागते. खाचेत तेवढी जागा नसेल तर चेनमध्ये एक जोड वाढवावा लागतो. ज्यासाठी हजारो रुपयांची गिअरची सायकल घ्या म्हणून दुकानदार सांगतो, त्यातील निम्मे काम या एका दातेरी चकतीने होते.

चेनचेही तसेच. एक साधी फूटपट्टी घेऊन पिनेपासून पिनेपर्यंत मोजावे: नव्या चेनचे चोवीस दुवे बरोबर बारा इंच भरतात. ते बारा इंचांच्या वर एकअष्टमांश इंच गेले असतील, तर चेन संपली. ती तशीच ओढत राहिले तर ती फ्रीव्हीलचे आणि पुढच्या चाकाचेही दात खाऊन टाकते, आणि एका भागाच्या खर्चाऐवजी तिहींचा खर्च गळ्यात पडतो. हबमधील छर्रे वर्षातून एकदा, आणि शक्यतो पावसाळा संपल्यावर, बाहेर काढून रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुवावेत. मागच्या हबात पाव इंची छर्रे दर बाजूस नऊ असतात, पुढच्यात त्याहून बारीक, दर बाजूस दहा. खड्डा पडलेला एक छर्रा नव्यांत मिसळू नये; बदलायचे तर सगळे बदलावेत. नवे वंगण भरून कोन आवळताना चाक डुगडुगणार नाही आणि जखडणारही नाही, एवढाच आवळावा. या साऱ्या खटाटोपाला इंग्रजीत 'ओव्हरहॉलिंग' म्हणतात. मराठी कामगाराने त्याचे कधीच 'ओव्हरऑइल' करून टाकले आहे, आणि अर्थाच्या दृष्टीने पाहता त्याचाच शब्द अधिक नेमका म्हणावा लागेल.

सीटची उंची तर फुकटची सुधारणा. पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर टेकवली की पाय सरळ झाला पाहिजे. बहुसंख्य माणसे सीट याहून खाली ठेवतात आणि पन्नाशीत गुडघेदुखीला नशीब म्हणून स्वीकारतात.

तथापि घरच्या पान्याला मर्यादा आहेत, आणि त्या झाकून ठेवण्यात कष्टकऱ्यांचे हित नाही. जुन्या सांगाड्यावर सहा-सात गिअरांचा संच चढविण्याचा उत्साह काही तरुण दाखवितात. मागच्या चिमट्यात तेवढी रुंदी नसते. चिमटा फाकवला की चाक वाकडे चालते आणि पैसे वाया जातात. त्याहून गंभीर गोष्ट ब्रेकची. दांड्यांचा ब्रेक पोलादी रिमवर आतल्या बाजूने दाबला जातो आणि पावसात रिम ओली झाली की रबर नुसते घसरते. रिम तेलापासून स्वच्छ ठेवावी, रबर झिजले की बदलावे, ओल्या रस्त्यावर आधीपासूनच ब्रेक हलके धरून पाणी निपटावे, एवढे घरी करता येते. तारेचे ब्रेक लावावेत म्हटले तर या रिमला बाजूने सपाट कड नसते. म्हणजे दोन्ही रिमा बदलल्याखेरीज ते शक्य नाही. आषाढात उतारावरून येणाऱ्या माणसाचा जीव ज्या भागावर अवलंबून आहे, नेमका तोच भाग घरी सुधारता येत नाही.

हा दोष कोणाचा? सायकल बांधणाऱ्या उद्योगाचा, आणि त्या उद्योगाकडे डोळेझाक करणाऱ्या सरकारचा. गरिबाची सायकल आहे, ती आहे तशी खपते, मग तिच्यावर डोके चालवायचे कशाला, हा कारखानदारांचा हिशेब दशकानुदशके चालला. संशोधन झाले ते महागड्या सायकलींसाठी. सरकारच्या हाती तर एकदा सोन्यासारखी संधी आली होती. १९८० मध्ये संसदेने कायदा करून मुंबईची हिंद सायकल्स आणि बंगालची सेन-रॅले या दोन कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. समाजवाद्यांनी त्याचे स्वागत करावे हे योग्यच होते. परंतु मालक बदलला, ब्रेक बदलला नाही. कामगारांच्या पैशावर चालणाऱ्या कारखान्याने कामगाराच्या सायकलीला पावसात थांबणारा ब्रेक आणि ठेंगण्या माणसाला बसेल असा सांगाडा देणे, हे काही अशक्य कोटीतले काम नव्हते. ते झाले नाही. पुढे दोन्ही कंपन्या बंद पडल्या आणि सार्वजनिक क्षेत्राला दूषणे देणाऱ्यांना आणखी एक दाखला मिळाला.

करांच्या बाबतीत तर सरकारची वर्गदृष्टी लपून राहिलेली नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा सायकलीवर आणि तिच्या सुट्या भागांवर १२ टक्के कर बसला. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारीवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. कारण दिले ते पर्यावरणाचे. ज्या वाहनाला वीजही लागत नाही आणि पेट्रोलही लागत नाही, त्याच्यावर मात्र १२ टक्के तसेच राहिले. सायकलीवरचा कर ५ टक्क्यांवर यायला २२ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ लक्षावधी रुपयांच्या मोटारीत बसणारा मनुष्य ज्या दराने कर देत होता, त्याच्या दुपटीहून अधिक दराने त्याच्या बंगल्याचा रखवालदार आपल्या फ्रीव्हीलवर कर भरत होता. या अन्यायावर विधिमंडळात किंवा संसदेत कोणत्या पक्षाने सभात्याग केला?

आता नव्या सायकलींकडे वळावे. त्यांतील पुष्कळांच्या धुरीचे छर्रे बंद डबीत असतात. डबी खराब झाली की ती काढायला खास हत्यार लागते, आणि मिळेल तो सुटा भाग बसेलच अशी खात्री नसते. बिघाड समजून घेण्याची सोयच त्यातून काढून घेतली जाते. २०१७ च्या अखेरीस पुण्यात मोबाईलवरून उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली मोठ्या गाजावाजाने आल्या. त्याच वर्षी महापालिकेने सायकल आराखडाही मंजूर केला होता. दोन-तीन वर्षांत त्या सायकली रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. याच शहरात एके काळी पेठापेठांतून ताशी भाड्याने सायकल मिळत असे आणि ती देणारा स्वतः पंक्चर काढीत असे, चाकाची आउट काढीत असे. त्याची दुकाने मोडीत निघाली तेव्हा कोणी आराखडा केला नाही.

राहिला प्रश्न आपल्याच गोटातील आक्षेपाचा. सायकल सुधारणे ही वैयक्तिक सोडवणूक आहे, तीत सामूहिक असे काही नाही, असे जे म्हटले जाते, ते इतिहासाच्या विस्मरणातून म्हटले जाते. इंग्लंडात 'क्लॅरियन' या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी १८९४ मध्ये बर्मिंगहॅमला सायकल क्लब काढला आणि सुटीच्या दिवशी खेडोपाडी पत्रके पोहोचविली. जर्मनीतील कामगार त्यांच्याही पुढे गेले. १८९६ मध्ये ऑफनबाख येथे स्थापन झालेल्या 'सॉलिडॅरिटेट' या कामगार सायकलस्वारांच्या संघाने पुढे सहकारी तत्त्वावर स्वतःच्या सायकली आणि सुटे भाग पुरविण्याची व्यवस्था उभी केली. १९३३ मध्ये नाझींनी त्या संघावर बंदी घातली. पान्यात राजकारण नसते तर हुकूमशहांना तेवढी तसदी घ्यावी लागली नसती.

याचा अर्थ बसची मागणी सोडून द्यावी असा नव्हे. पंधरा किलोमीटरवरून येणाऱ्या बाईला बसच हवी, आणि ती मिळेपर्यंत मोर्चे निघालेच पाहिजेत. जुन्या सायकलीचे उदात्तीकरण करून तिला दिवाणखान्यात टांगणाऱ्या मंडळींशीही कष्टकऱ्यांना कर्तव्य नाही. परंतु मोर्चा संपल्यावर कार्यकर्ता घरी जातो तो बहुधा सायकलनेच. आणि तिची चेन वाटेत तुटली तर ठरावाच्या कागदाने ती जोडता येत नाही.

कामे अगदी साधी आहेत. फ्रीव्हील उलटे फिरवून काढण्यास खाचांची एक चावी लागते. पायडल मारून मारून फ्रीव्हील इतके घट्ट बसते की त्या चावीखेरीज ते सुटत नाही, आणि एकट्या माणसाने वर्षातून एकदा लागणारी चावी विकत घेणे परवडत नाही. प्रत्येक युनियनच्या कचेरीत ती चावी, कॉटर पिन ठोकण्याचा हातोडा, चेन तोडण्याचे यंत्र, कोन आवळण्याचे पातळ पाने आणि एक उभा पंप असलेली एक पेटी असावी. महिन्यातून एका रविवारी वस्तीतील जाणत्या सायकल मिस्त्रीला त्याचा रोज देऊन बोलवावे. फुकट राबवू नये. मानव विकास कार्यक्रमाखाली महाराष्ट्रात आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या गेल्या आहेत. त्या गावांतील कार्यकर्त्यांनी शाळेत जाऊन विचारावे, की पंक्चर काढायला या मुलींना कोणी शिकवले काय, आणि शाळेत पंप आहे काय. नसेल तर शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत तो विषय घ्यावा आणि पेटीचा दुसरा संच तिकडे द्यावा. पावसाळ्याआधी ब्रेकची रबरे एकत्र घाऊक भावाने आणली, तर लुधियानाचा माल तालुक्यातही बराच स्वस्त पडतो.