पाणी उडते, मीठ राहते

गेल्या ईदला आम्ही सात दिवस गावी गेलो. मागे घरात राहिली ती आमची शंभर लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यात दोन क्लाउनफिश आणि धाकट्या लेकीची लाडकी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी. शेजारच्या मुलाकडे किल्ली दिली आणि सांगितले, "बेटा, चिमूटभर खाणे टाक आणि पाणी उतरले की खुणेपर्यंत भर." मुलगा मोठा गुणी. टाकी खाऱ्या पाण्याची, म्हणून त्याने पिंपात तयार ठेवलेले खारे पाणीच रोज ओतले.

परत आल्यावर आम्ही खारटपणा मोजला. जाताना ३५ होता, आता ३८. आमचे धाबे दणाणले. तासाभरात आठ लिटर पाणी उपसून तेवढेच गोडे पाणी ओतले. आकडा ३५ वर आला आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. सकाळी कोळंबी दगडाच्या कडेला आडवी पडलेली होती. लेक दिवसभर जेवली नाही.

अम्मींना सारे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "सालन आटलं की खारट होतं. मग आपण त्यात वर मीठ घालतो का?"

टाकीचे मर्म या एका वाक्यात आहे. हवेत उडते ते फक्त पाणी. मीठ टाकीतच राहते. आमच्या टाकीतून रोज सव्वा लिटर पाणी उडते. त्या जागी खारे पाणी भरत राहिले की सात दिवसांत ३५ चे ३८ होतात. म्हणून उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने करायची आणि खारे पाणी वापरायचे ते फक्त टाकीतले पाणी उपसून बदलताना. चूक त्या मुलाची नव्हती. कोणते पाणी, हे आम्हीच सांगितले नव्हते.

दुसरी चूक त्याहून मोठी. सात दिवसांत हळूहळू चढलेला आकडा आम्ही एका तासात उतरवला. मासा असे धक्के थोडेफार सोसतो. कोळंबी, गोगलगाय, तारामासा यांना ते झेपत नाहीत. खुल्या समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि तिथे हा आकडा दिवसागणिक जवळपास हलतच नाही. तिथल्या जिवांना या स्थिरपणाचीच सवय असते. आकडा थोडा चुकलेला पण स्थिर असला तर चालून जाते. रोज बरोबर करण्याच्या नादात वरखाली होणारा आकडा जीव घेतो. खारटपणा बिघडलाच तर दिवसाला एकापेक्षा जास्त अंकाने हलवू नये.

आता पाण्याविषयी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून आरओचे पाणी घ्यावे. घरातल्या यंत्राला चवीसाठी खनिजे मिसळण्याची सोय असेल तर ती बंद करून घ्यावी. टीडीएस मीटरचा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका बरा. एसीतून ठिबकणारे पाणी स्वच्छ दिसते, पण ते यंत्रातल्या धातूच्या नळ्यांवरून आलेले असते. तांब्याच्या हंड्यातले पाणी आपल्याला मानवते. कोळंबीला तांबे म्हणजे विष. किनाऱ्यावरून समुद्राचे पाणी आणण्याचा मोहही टाळावा. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी खारटपणा पार घसरतो आणि शहराजवळच्या किनाऱ्यावर सांडपाणी मिसळलेले असते.

स्वयंपाकघरातले मीठही चालत नाही. टाकीसाठीच्या मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे समुद्रातले इतर क्षारही असतात. लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम मीठ लागते. नेमके प्रमाण डब्यावर असते. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी घेऊन त्यात मीठ घालावे आणि छोट्या पंपाने एक दिवस फिरू द्यावे. मीठ थेट टाकीत कधीही टाकू नये.

नवी टाकी मांडणाऱ्यांनी मासे आणण्याची घाई करू नये. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. दगड-वाळूवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य नायट्रेट करतात. हे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय मासा आणू नये. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने हेच जिवाणू मरतात. टाकीतून उपसलेल्या पाण्यातच तो खळबळून घ्यावा. खरे प्रवाळ आणि समुद्रघोडे मात्र घरी आणूच नयेत. आपल्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

पीएचने आम्हाला असेच एकदा घाबरवले होते. पाहुण्यांनी भरलेले घर, खिडक्या बंद, एसी चालू. सकाळी पीएच ७.८. आम्ही औषधाची बाटली शोधू लागलो. खरे तर पीएच रात्री उतरतो आणि दिवसा चढतो. बंद खोलीत माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठला की आणखी उतरतो. अशा वेळी आधी क्षारता मोजावी. क्षारता म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. ती ७ ते ११ डीकेएच असेल तर बाटली ठेवून द्यावी आणि खिडकी उघडावी. क्षारता खरेच कमी असेल तर शंभर लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा गोड्या पाण्यात विरघळवून हळूहळू सोडावा. त्याने ती साधारण एका अंकाने वाढते. एका दिवसात त्याहून जास्त नको.

आता आमच्याकडे एक वही आहे. दर शुक्रवारी सकाळी लेक तिच्यात खारटपणा, तापमान आणि क्षारता लिहिते. एखादा आकडा सरकू लागला की वहीत तो आधी दिसतो, मग हळूहळू सुधारायला वेळ मिळतो. आठवड्याला दहा लिटर पाणी बदलतो. नवे पाणी त्याच खारटपणाचे आणि त्याच तापमानाचे. गावी जाताना खाऱ्या पाण्याचे पिंप झाकून आत ठेवतो. बाहेर राहतात गोड्या पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकीवर तारीख.

समुद्रातला मासा पाणी बिघडले तर दुसरीकडे जातो. आपल्या टाकीतला कुठे जाणार? त्याला कोंडले आपण, तेव्हा त्याचे पाणी ही आपल्याकडची अमानत आहे.

लेकीने दुसऱ्या कोळंबीचा हट्ट धरला तेव्हा आम्ही म्हटले, वहीत सलग आठ शुक्रवार ३५ दिसू दे. आठ शुक्रवार भरले. नवी कोळंबी आणली, तिच्या पिशवीत टाकीचे पाणी थेंब थेंब दीड तास सोडले आणि मगच तिला आत घेतले. या वेळी नळीवर हात ठेवून लेक स्वतः बसली होती. मधूनमधून आम्हालाच सांगत होती, "अब्बू, घाई नको."