सुतासाठी थांबणारे यंत्र

यंत्र माणसाला गिळते, हे वाक्य मराठीत आणि मराठीबाहेरही इतक्या कथाकवितांतून येऊन गेले आहे की आता ते वाचून कुणाला काही होत नाही. मला होते. मला राग येतो. मी पुण्याजवळ भोसरीत यंत्रे आखतो, वीस वर्षे तेच करतो आहे, आणि यंत्राला गिळता येत नाही हे मला पक्के ठाऊक आहे. त्याचा प्रत्येक दात आधी कुणीतरी कागदावर काढलेला असतो. ‘यंत्र गिळते’ म्हटले की तो काढणारा सुटतो. म्हणजे मी सुटतो.

एका कारखान्यातल्या जुन्या पॉवर प्रेसवर मी ऑटोमेशन बसवले होते. नग हवेच्या झोताने डायबाहेर उडवायचा, सेन्सरने मोजायचा, आणि आत अडकला तर पुढचा स्ट्रोक बसू द्यायचा नाही. अडकलेल्या नगावर स्ट्रोक बसला तर डाय फुटू शकते, आणि डाय महाग असते. माझ्या कोटेशनमध्ये आणखी एक ओळ होती: पुढून जाळीचे गार्ड, आणि पायातल्या पेडलऐवजी दोन हातांची दोन बटणे. मालकांनी त्या ओळीवर काट मारली. ‘गार्ड आमचे आम्ही बसवून घेऊ’ असे लिहूनही दिले. 1948 च्या कारखाने अधिनियमात 1987 साली घातलेले कलम 7 बी यंत्र आखणाऱ्यावरही सुरक्षिततेची जबाबदारी टाकत असे. पण वापरणाऱ्याने असे लेखी आश्वासन दिले, तर तेवढ्यापुरता आखणारा मोकळा होत असे. ते पत्र मी फाइलला लावले.

गार्ड बसले नाही. काही महिन्यांनी नग अडकला. सेन्सरने प्रेस अडवली. ऑपरेटरने हात घालून नग ओढला. पाय पेडलवरच होता. नग निघताच माझ्या सेन्सरच्या लेखी सगळे ठीक झाले आणि स्ट्रोक बसला. दोन बोटे गेली.

चौकशीच्या कागदावर कारण लिहिले गेले: कामगाराचा निष्काळजीपणा. मी ते वाचले आणि गप्प बसलो. अडथळा दूर झाला म्हणून यंत्राने आपणहून चालू होऊ नये, त्यासाठी वेगळे रीसेट बटण दाबावे लागावे, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. ते बटण काही शे रुपयांचे. त्यावर कुणी काट मारली नव्हती. ते माझ्या ड्रॉइंगमध्येच नव्हते. मी डायचा विचार केला होता, हाताचा नाही. त्या बाबतीत फाइलमधले पत्रही मला वाचवत नाही.

हाताचा भाव मात्र फार पूर्वीच ठरला आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के घटली असे धरले होते. तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधले बोट 12, करंगळी 7. एका हाताची दोन बोटे गेली तर 20. इतका नेमका हिशोब ज्यांना मांडता येतो, त्यांना गार्डचा खर्च परवडत नाही, हे मला पटत नाही.

जपानमध्ये साकिची टोयोडांनी 1924 साली असा स्वयंचलित माग आणला की धागा तुटला की तो आपोआप थांबे. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी या विचाराला जिदोका म्हटले. जपानी लिपीत ‘स्वयंचलन’ लिहिताना त्यातल्या ‘चलन’ या अक्षराला ते माणसाचे चिन्ह जोडतात. उच्चार तोच राहतो, पण अक्षरात माणूस येतो. आम्ही त्यांचा उच्चार तेवढा आणला. तिथे सुतासाठी माग थांबला. इथे बोटासाठी प्रेस थांबत नाही.

मालक म्हणतात, बटणे देऊन उपयोग नाही, कामगारच एक बटण काडी खुपसून दाबून ठेवतात. ठेवतात, कारण तासाच्या नगांचा आकडा तुम्ही ठरवलेला असतो. तरीही, दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली तरच पुढचा स्ट्रोक बसेल, अशी जोडणी कधीची मिळते. तिथे काडी खुपसली तर प्रेस बंदच राहते. ज्या यंत्रात काडी चालते ते अर्धवट आखलेले यंत्र आहे. त्याचा दोष काडीवर ढकलू नका.

त्याच शेडमध्ये वेल्डिंगचा रोबो आहे. त्याच्याभोवती कुंपण आहे, आणि कुंपणाचे दार उघडले की तो थांबतो. त्या कुंपणावर काट मारायचे कुणाला सुचले नाही, कारण ते रोबोच्या किमतीतच धरलेले होते.

म्हणून आता मी गार्डची वेगळी ओळ लिहीत नाही. यंत्राची एकच किंमत लिहितो. गार्ड आणि रीसेट त्यातच. या हट्टापायी दोन कामे हातची गेली, पुढेही जातील. आणि लिहिणाऱ्यांना एकच सांगणे: यापुढे यंत्राने माणूस गिळला असे लिहायचे झाले, तर आधी ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली पाहा. तिथे आखणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजुरी देणाऱ्याची सही असते. त्या प्रेसच्या ड्रॉइंगवर पहिली सही माझी आहे.