फ्रान्सचें सिंहासन कशानें उलथलें?

फ्रेंच राज्यक्रांतीचा विषय निघाला कीं, एक गोष्ट हटकून सांगितली जाते. प्रजेला पाव मिळत नाहीं असें ऐकून राणी मेरी आंत्वानेत म्हणाली म्हणे, कीं मग त्यांनीं केक खावा! गोष्ट चटकदार आहे. परंतु राणीनें असे उद्गार काढल्याचा कांहींच पुरावा नाहीं. रूसोनें आपल्या आत्मचरित्रांत तसेंच वाक्य एका अनामिक राजकन्येच्या तोंडीं घातलें आहे, आणि तो भाग लिहिला गेला तेव्हां मेरी आंत्वानेत फ्रान्समध्यें आलीही नव्हती.

मग केवळ उपासमारीनें क्रांति झाली काय? आम्हांस तसेंही वाटत नाहीं. १७०९ सालच्या भयंकर हिवाळ्यानंतर त्या देशांत असंख्य लोक अन्नाविना मेले. तरी चौदाव्या लुईचें आसन ढळलें नाहीं.

आमच्या मतें खरें कारण सरकारी हिशेबाच्या वहींत सांपडतें. सोळाव्या लुईच्या काळीं धर्माधिकारी, सरदार व बाकीची सर्व प्रजा असे तीन वर्ग कायद्यानेंच ठरलेले होते. पहिल्या दोघांकडे मोठमोठ्या जमिनी व मानमरातब. परंतु मुख्य कर त्यांस बहुतेक ठिकाणीं माफ. शेतकऱ्यानें मात्र तो कर, मिठावरील कर, चर्चचा दशांश व सरदाराचें देणें इतकें सर्व द्यावें, शिवाय रस्त्यांवर वेठ करावी. बडे बिशप वैभवांत राहत असतां खेड्यांतील गरीब पाद्री हालांत दिवस काढीत, हें ख्रिस्ती शाळेच्या अंकांतही आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. १७८९ च्या जून महिन्यांत त्यांतील पुष्कळ पाद्री सामान्य प्रजेच्या प्रतिनिधींस जाऊन मिळाले, तें उगीच नव्हे.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धास साह्य करतांना फ्रान्सचें कर्ज अतोनात वाढलें. १७८८ सालीं सरकारी खर्चाचा सुमारें निम्मा भाग कर्जापायींच जात होता. दरबाराच्या थाटाचा वांटा त्यामानानें फारच लहान. उपाय उघड होता: ज्यांजवळ आहे त्यांनींही कर द्यावा. तुर्गोनें सुधारणा आरंभिल्या. त्यास १७७६ सालीं दूर करण्यांत आलें. १७८७ सालीं कालोननें सर्व जमीनमालकांवर सारखा कर सुचविला. बड्यांच्या सभेनें तो मान्य केला नाहीं.

पुढल्याच वर्षीं जुलैंत गारपिटीनें पिकें झोडपलीं, हिवाळा अत्यंत कडक गेला, आणि पॅरिसच्या गरीब मजुराची निम्म्याहून अधिक कमाई पावांतच जाऊं लागली. त्याच सुमारास राजानें गांवोगांवच्या लोकांस आपलीं गाऱ्हाणीं लिहून देण्यास सांगितलें. उपाशी माणूस दैवाला बोल लावितो. पण आपल्या उपासाच्या मुळाशीं अन्याय आहे असें त्यास एकदां उमगलें, म्हणजे तो स्वस्थ बसत नाहीं. १४ जुलै १७८९ रोजीं बॅस्टिलचा तुरुंग पडला. ४ ऑगस्टच्या रात्रीं सरदारांनीं आपण होऊन हक्क सोडले. पण तोंपर्यंत खेड्यांतून त्यांचे वाडे जळूं लागले होते. जो त्याग दोन वर्षें आधीं औदार्य ठरता, तो आतां नाइलाज ठरला.

१७९३-९४ सालीं गिलोटिनखालीं जें रक्त सांडलें, त्याचें आम्ही समर्थन करीत नाहीं. परंतु त्याचा दोष एका राणीच्या माथीं मारून मोकळें होणेंही आम्हांस मान्य नाहीं. आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींनीं केकची गोष्ट विसरावी व करांचा हिशेब लक्षांत ठेवावा. घर असो, गांव असो वा राज्य असो, सबळानें आपला भार वेळेवर उचलला, तर दुर्बळाला हात उचलावा लागत नाहीं.