पोलिसांच्या बिनतारीला कुलूप कशासाठी?

कॅलिफोर्नियातील सँटा क्लारा काउंटी म्हणजे सिलिकॉन व्हॅलीचा गाभा. सनीव्हेल, क्युपर्टिनो ही तिथली नावे पुण्या-मुंबईतल्या कित्येक घरांत आजोळच्या गावासारखी सहज घेतली जातात. याच काउंटीतल्या पालो अल्टो शहरात जानेवारी २०२१ मध्ये पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेवरचा आवाज नागरिकांसाठी एकाएकी बंद झाला. यंत्रणा नीट चालू होती, पोलीस एकमेकांशी बोलत होते. फक्त ते बोलणे आता सांकेतिक झाले होते. स्थानिक वार्ताहर आणि घरी स्कॅनर लावून बसणारे श्रोते यांच्या कानी काहीच पडेना.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. अमेरिकेत पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांची बिनतारी यंत्रणा बहुतेक ठिकाणी काउंटी किंवा शहर चालवते. स्कॅनर हा रेडिओचाच एक प्रकार. तो अनेक वाहिन्या भराभर चाळतो आणि कोणी बोलत असेल तिथे थांबतो. डेट्रॉइट पोलिसांनी १९२८ मध्ये गस्तीच्या मोटारींना रेडिओवरून संदेश द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून असे संदेश ऐकणे हा तिथल्या नागरी जीवनाचा भाग आहे. आपल्याकडे एकेकाळी आकाशवाणी ऐकायलासुद्धा टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. पोलिसांची बिनतारी घरबसल्या ऐकण्याची कल्पना इथल्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. तिथे मात्र असे ऐकणे सर्वसाधारणपणे कायदेशीर आहे. मोबाइलवरची संभाषणे ऐकण्यास १९८६च्या कायद्याने बंदी घातली, पण पोलीस आणि बंबवाल्यांचे उघडे संदेश त्या बंदीतून बाहेर राहिले.

आता एकामागून एक काउंटी डिजिटल यंत्रणेकडे वळत आहेत, आणि त्या ओघात बरेच श्रोते म्हणतात की डिजिटलने आमचे कान बंद केले. ही तक्रार अर्धीच खरी आहे. डिजिटल करणे आणि कुलूप लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळेच चर्चा भरकटते, आणि प्रशासनाला तर ती गल्लत सोयीचीच ठरते.

डिजिटलकडे जाण्याची कारणे पटण्यासारखी आहेत. रेडिओ लहरींचा पट्टा मर्यादित आणि मागणी अफाट. म्हणून तिथल्या दळणवळण आयोगाने ठरवून दिले की १ जानेवारी २०१३ पासून या सेवांनी २५ किलोहर्ट्झऐवजी साडेबारा किलोहर्ट्झच्या अरुंद वाहिनीत भागवायचे. दुसरे कारण परस्पर संपर्काचे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. इमारत रिकामी करा हा आदेश उत्तर मनोऱ्यातल्या अनेक जवानांपर्यंत पोहोचलाच नाही, आणि पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसणारा धोका बंबवाल्यांना थेट कळवण्याची सोय नव्हती. सर्वांना एकच तांत्रिक मानक असावे यासाठी ‘प्रोजेक्ट २५’ हा उपक्रम १९८९ मध्येच सुरू झाला होता. त्या घटनेनंतर त्याची निकड सर्वांना पटली.

या मानकातले शास्त्र मोठे मजेदार आहे. यात आवाज जसाच्या तसा पाठवला जात नाही. यंत्र आवाजाचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे करते. प्रत्येक तुकड्याची पट्टी काय, स्वर घोष की अघोष, कोणत्या कंप्रतेला किती जोर, एवढेच आकडे पाठवते; पलीकडचे यंत्र त्या आकड्यांवरून आवाज नव्याने घडवते. म्हणजे कानावर पडतो तो माणसाच्या आवाजाचा यंत्राने काढलेला अंदाज. शांत खोलीत हा अंदाज छान जमतो. जळत्या घरात मात्र शेजारी करवत घरघरत असते, जवान निश्चल पडला तर वाजणारा भोंगा किंचाळत असतो आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर श्वसनाचा मुखवटा असतो. यंत्राला हा सारा गोंगाटही मानवी आवाज वाटतो आणि शब्दांचा चिवडा होतो. अमेरिकी सरकारच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये अशा गोंगाटात चाचण्या घेतल्या. त्यांतल्या काही परिस्थितींत जुना अॅनालॉग संचच अधिक समजण्याजोगा ठरला. त्यानंतर आवाजाचे सांकेतन सुधारले, मुखवट्यातले मायक्रोफोन सुधारले, पण मुद्दा शिल्लक आहेच.

दुसरी गोष्ट कड्याची. अॅनालॉग संदेश क्षीण झाला की खरखर वाढते. दूरचे आकाशवाणी केंद्र रात्री लागते तसे. कान लावला तर शब्द ओळखता येतात. डिजिटल संदेश शेवटपर्यंत स्वच्छ असतो आणि मग एकदम तुटतो. तळघरात अडकलेल्या जवानाला या फरकाची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. मार्च २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने नवे डिजिटल संच वाटले आणि क्वीन्समधल्या एका आगीत जवानाची मदतीची हाक ऐकू गेली नाही म्हणून लगेच मागे घेतले. सहा महिन्यांनी मनोऱ्यांत जवान गेले ते जुनेच संच घेऊन. नवे तंत्र वाईट आणि जुने चांगले, असा सरळ निवाडा इथे करता येत नाही.

श्रोत्यांपुढची अडचण त्यामानाने किरकोळ. एकाच कंप्रतेवर अनेक मनोरे एकाच वेळी तोच संदेश सोडतात तेव्हा साध्या डिजिटल स्कॅनरला त्यांची सरमिसळ उलगडत नाही. ते जमणारा स्कॅनर काही शे डॉलरचा. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला तो महागच. पण टीव्हीसाठी बनवलेली पेनड्राइव्हएवढी डोंगल आणि जुना संगणक यांवरही हौशी मंडळी काम भागवतात. पैसा आणि खटपट यांनी ही भिंत ओलांडता येते. सांकेतन लावले की मात्र किल्लीशिवाय इलाज नाही, आणि २५६ बिटांची किल्ली कोणा हौश्याला फोडता येणार नाही.

कुलूप लावणाऱ्यांचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. यातला आरोग्याचा भाग तर अधिकच गंभीर आहे. कोणाच्या घरी आत्महत्येचा प्रयत्न झाला, कोणाला मनोविकाराचा झटका आला, नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून कोणी बाई कोणत्या पत्त्यावर थांबली आहे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकावे हे कोणत्याही सभ्य समाजाला शोभत नाही. २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉन स्फोटानंतर संशयितांचा पाठलाग चालू असताना पोलिसांच्या हालचाली प्रसारित करू नका, असे पोलिसांना जाहीरपणे सांगावे लागले. तेव्हा पाठलागाची, छाप्याची वाहिनी बंद हवीच. रुग्णवाहिकेतून डॉक्टरांशी होणारे रुग्णाविषयीचे बोलणेही बंद हवे. त्यात नागरिकांचे काहीच अडलेले नसते.

पण एवढ्यासाठी सगळीच वाहिनी बंद करणे म्हणजे घरात एक कपाट लावायचे म्हणून अख्ख्या वाड्याला टाळे ठोकण्यासारखे झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने व्यक्तिगत माहिती जपण्याचे फर्मान काढले, तेव्हा त्यात दोन वाटा ठेवल्या होत्या: सांकेतन करा, किंवा अशी माहिती उघड्या वाहिनीवर बोलू नका. अनेक शहरांनी पहिली, सोपी वाट धरली. राज्याच्या महामार्ग पोलिसांनी दुसरी धरली आणि त्यांचे काम काही थांबले नाही. पालो अल्टोमध्येही सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या पोलीस प्रमुखांनी सांकेतन काढले. नाव, परवान्याचा क्रमांक यांसारखा तपशील मोबाइलवर किंवा गाडीतल्या संगणकावर द्यायचा, एवढा नियम पुरला. त्याच वर्षी राज्याचे सेनेटर जॉश बेकर यांनी अशी मोकळीक राज्यभर आणणारे विधेयक मांडले होते, ते मंजूर झाले नाही.

शिकागोने तिसरा मार्ग काढला: संदेश ऐका, पण तीस मिनिटांनी. पत्रकाराला हे निदान अभ्यासापुरते उपयोगी पडेल. वणव्याच्या वाटेवर राहणाऱ्याला अर्ध्या तासापूर्वीचा संदेश काय कामाचा? नोव्हेंबर २०१८ मध्ये ब्यूट काउंटीतले पॅराडाइज हे गाव जळाले, ८५ माणसे गेली, आणि मोबाइलवर इशारा देणारी सरकारी व्यवस्था अनेकांपर्यंत पोहोचली नाही. अशा वेळी वणवा कोणत्या रस्त्याकडे सरकतो आहे हे बंबवाल्यांच्या तोंडून थेट ऐकणे हा दुसरा आधार असतो. कॅलिफोर्नियाचे वन आणि अग्निशमन खाते आजही डोंगरांत बव्हंशी उघड्या अॅनालॉग वाहिन्या वापरते, याचे श्रोत्यांना मोठे अप्रूप आहे. खात्याला त्यात हौशी मंडळींचे लाड करायचे नाहीत. शेजारच्या राज्यातून आलेला बंबही पहिल्या मिनिटापासून बोलू शकावा, हा त्यातला फायदा आहे.

माहिती उघडी ठेवून जीव वाचतात याचे एक उदाहरण नियंत्रण कक्षातच आहे. सॅन रॅमोन व्हॅलीच्या अग्निशमन विभागातून निघालेले ‘पल्सपॉइंट’ हे अॅप नियंत्रण कक्षाच्या नोंदींवरूनच चालते. जवळच्या सार्वजनिक ठिकाणी कोणाचे हृदय बंद पडले की छाती दाबण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या नागरिकांच्या फोनवर इशारा येतो. उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि रुग्णवाहिकेला यायला काही मिनिटे लागतातच. इथे ठिकाण उघड होते, रुग्णाचे नाव नाही. रेडिओवर हीच विभागणी का करता येऊ नये?

न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३च्या उन्हाळ्यापासून एकेक विभाग सांकेतिक करायला घेतला. इतर शहरे त्याकडे पाहून पावले टाकत आहेत. त्यांनी पाहावी अशी आणखी एक गोष्ट मात्र तांत्रिक अहवालांच्या तळटीपांत राहते. सांकेतिक वाहिनीवर बोलायचे तर प्रत्येक संचात तीच किल्ली हवी. ती वेळोवेळी बदलावी लागते आणि बदल शेजारच्या काउंटीच्या संचांतही करावा लागतो. तो राहून गेला तर मदतीला धावून आलेल्या शेजारच्या पथकाला स्कॅनर लावून बसलेल्या म्हाताऱ्याइतकेच ऐकू येते, म्हणजे काहीच नाही. डिजिटलवरचा सारा खर्च एकमेकांचे ऐकू यावे म्हणून झाला होता.