तो पाय तुमचा का?

मंगळवारी रात्री दहा वाजून चार मिनिटांनी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश पडला. ‘बी विंगमध्ये कोणीतरी रोज रात्री तंतुवाद्य वाजवीत असते. कृपया नोंद घ्यावी.’ बी विंगमध्ये चौदा फ्लॅट. तेरा जणांनी लगोलग अंगठे दाखवले. चौदावा मी.

‘तंतुवाद्य’ हा शब्द मात्र मला आवडला. गेले तीन महिने घरात त्याला ‘ते तुमचं टिंगटिंग’ म्हणतात. सेक्रेटरींनी खाली नियमही चिकटवला होता: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५. नियम २००० सालचा आहे आणि खरा आहे. गणपतीत भिंतीएवढ्या स्पीकरखाली उभे राहून वर्गणीच्या पावत्या फाडणारे गृहस्थ हेच, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. इथे लिहितो, ते हे सदर वाचत नाहीत.

नेहमीच्या वाचकांना माझी सायकल आठवत असेल. तिच्यावर याच जागी दोन लेख झाले. सध्या ती गॅलरीत असते आणि तिच्यावर टॉवेल छान वाळतात. त्यामुळे मी गिटार घेणार म्हटल्यावर बायकोने एवढंच विचारलं, “तिच्यावर काय वाळवता येईल?”

तर मी दुकानात गेलो. दुकानातला मुलगा विशीतला, केस मानेपर्यंत. “काका, अकॉस्टिक की सेमी?” मला फरक ठाऊक नव्हता म्हणून मी “अकॉस्टिक” असं ठाम सांगितलं. नायलॉनच्या तारांची एक गिटार कोपऱ्यात होती, तिच्याकडे बोट केलं तर म्हणाला, “त्यात मजा नाही काका. डायरेक्ट स्टील घ्या.” मग भिंतीवरची सगळ्यांत मोठी गिटार काढून त्याने अर्धा मिनिट असं काही वाजवलं, की दुकानात चिंचोक्याएवढं मेट्रोनोम बघायला आलेली एक बाईसुद्धा थांबली. मी पैसे काढले. गिटारबरोबर कॉम्बो होता: बॅग, बेल्ट, कॅपो, तीन पिकं, तारांचा जादा संच. तो मुलगा मात्र कॉम्बोत नव्हता, हे घरी आल्यावर कळलं.

त्या आकाराला ड्रेडनॉट म्हणतात. हे नाव ब्रिटिश आरमाराच्या १९०६ सालच्या युद्धनौकेवरून पडलं. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये हा रुंद पोटाचा घाट पहिल्यांदा केला, तो दणदणीत आवाजासाठीच. ही युद्धनौका मी दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आणली, आणि ती शांतपणे वाजवायची होती! लहान पोटाची, नायलॉनच्या तारांची ती कोपऱ्यातली गिटार बोटांनाही मऊ पडली असती आणि शेजाऱ्यांनाही. पण तिला ‘मजा नाही’ ना.

पहिल्या आठवड्यात डाव्या हाताच्या बोटांवर वळ, दुसऱ्यात फोड, तिसऱ्यात घट्टे. ‘सगळ्यांना होतं’ असं सगळे सांगत होते. होत असेल. पण सी कॉर्ड वाजवताना घाम फुटू नये, एवढं मलाही कळत होतं. शेवटी पेठेतला एक दुरुस्तीवाला गाठला. लाकडी जिन्यावरून वर एक खोली, खोलीभर उघडी पोटं. त्याने गिटार मांडीवर घेतली, वाजवली नाहीच. खिशातून पोलादी पट्टी काढली, बाराव्या पडद्यापाशी उभी धरली आणि डोळा बारीक केला. “साडेतीन मिलिमीटर. अडीचच्या आसपास पाहिजे. ह्याच्यावर तुम्ही शिकताय?” त्या “शिकताय”मध्ये मला तीन महिन्यांतली पहिली सहानुभूती मिळाली.

मग त्याने घोडीतली पांढरी पट्टी उपसली आणि सँडपेपरवर तिचं बूड घासत बसला. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे तार एक मिलिमीटर उतरवायची तर पट्टी दोन मिलिमीटर झिजवावी लागते. घासायचं, बसवायचं, मोजायचं, पुन्हा काढायचं. जाड तारा काढून ‘दहा’च्या चढवल्या, म्हणजे सगळ्यांत बारीक तार इंचाच्या दहा हजारांश. (माझ्या गणिताच्या बाईंना हे वाक्य दाखवू नका, दहा सहस्रांश.) बारीक तारा बोटांना सोप्या आणि आवाजालाही थोड्या कमी. तासाभराचं काम, चारशे रुपये. दुकानात हे पहिल्याच दिवशी का करून देत नाहीत, असं मी विचारलं. तो म्हणाला, “वाजतेय ना, मग कोण बघतंय?” आणि गिटार हातात देताना बजावलं, “जोरात मारलंत तर थोडी झणझणेल. ते चांगलं नसतं. परत आणा, काढून देतो.”

जिना उतरताना मला आत्या आठवली.

आत्याचा तंबोरा मिरजेचा होता. मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं करायला घेतली, आणि तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं मला आत्ता माहीत आहे. तेव्हा एवढंच माहीत होतं, की दर दोन-तीन वर्षांनी मिरजेहून एक गृहस्थ सदाशिव पेठेतल्या वाड्यात येतात आणि त्या दिवशी आत्या स्वयंपाक करत नाही. ते चटईवर बसत, तारा सैल करत आणि घोडीच्या माथ्यावर कानस फिरवत. एक हात फिरवला की तारा चढवायच्या, छेडायच्या, मान हलवायची, पुन्हा उतरवायच्या. अख्खी सकाळ. शेवटी तारेखाली सुताचा धागा सारून तो केसभर इकडे, केसभर तिकडे. आणि एका क्षणी तो भोपळा बोलायला लागे. नुसता टणत्कार जाऊन त्यातून मधमाश्यांसारखी दाट, लांबलचक झणझण निघे. आत्या म्हणे, “आली जवारी.” मग चहा.

म्हणजे बघा. पेठेतला हा माणूस चारशे रुपये घेऊन तार कुठेही घासून झणझणू नये म्हणून धडपडतो, आणि मिरजेहून एक माणूस एसटीने येऊन तीच झणझण घालायला सकाळ खर्ची घालायचा. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो, तार कंप पावताना त्याला चाटत जाते. गिटारच्या पट्टीला तार फक्त टेकते. एका वाद्याचं दुखणं ते दुसऱ्याचा जीव, आणि त्या सुताच्या धाग्याला जीवच म्हणतात.

परवा सराव करताना पाचव्या तारेवर, पहिल्याच पडद्यावर बोट पडलं. गिटारच्या डोक्याला लावलेल्या चिमट्याच्या ट्यूनरने ‘ए शार्प’ दाखवलं. म्हणजे काळी पाच. आत्याचा षड्ज. मी ती एकच तार बराच वेळ वाजवत बसलो. पहाटे पाचला वाड्यात तो स्वर लागायचा, भिंत मातीची, पलीकडे दुसरं बिऱ्हाड, आणि डेसिबल हा शब्द कोणाला ठाऊक नव्हता. तक्रार एकदाच झाली होती, आत्या आठ दिवस गावाला गेली तेव्हा. पलीकडच्या आजोबांना जाग येईना.

सोसायटीचा विषय राहिलाच. आवाज कमी करायला मी काय काय केलं त्याची यादी ग्रुपवर टाकावी असं मनात होतं. गिटारच्या भोकावर बसवायची रबरी चकती आणली. फारसा फरक नाही, कारण बोलते ती पुढची फळी. भांडी घासायचा कोरा स्पंज कापून घोडीजवळ तारांखाली सारला, तो मात्र लागू पडला. गिटार ‘टुक टुक’ करते, पण बोटं या कॉर्डवरून त्या कॉर्डवर न्यायचा सराव त्यावर उत्तम होतो. पिक टाकून अंगठ्याच्या मांसाने छेडायला लागलो. गिटारचं डोकं एकदा कपाटाला टेकलं तर अख्खं कपाट गायला लागलं, तेव्हापासून खोलीच्या मधोमध स्टुलावर बसतो. एवढं करून ‘तंतुवाद्य’!

गुरुवारी खालच्या मजल्यावरचे काका स्वतःच वर आले. मी माफी मागायच्या तयारीत. ते म्हणाले, “गिटारचं काही नाही हो. ती ऐकूच येत नाही. तो पाय तुमचा का?”

पाय माझाच. ताल धरायला टाच आपटतो, आणि ती थेट स्लॅबमधून काकांच्या पलंगावर. तीन महिने मी तारांवर स्पंज लावत होतो आणि काका रात्री माझी टाच ऐकत होते.

“आणि एक विचारू?” काका दारातच म्हणाले. “ठक ठक ठक ठक, बारा वेळा नीट होतं, मग एकदम शांतता. रोज तिथेच. काय होतं तिथे?”

तिथे एफ येतो. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकावं लागतं, तो. मी काकांना दाखवलासुद्धा, लागला नाही.

आता पायाखाली चौपदरी गोधडी असते. आत्याचा तंबोरा चुलतभावाकडे ठाण्यात माळ्यावर आहे, गवसणीत. दोन तारा तुटल्यात आणि घोडी हलतेय, असं तो म्हणाला. दिवाळीत जाऊन घेऊन येतोय. ग्रुपवर अजून कळवलेलं नाही.