बारा वर्षांखालच्या पोरांचं हेडिंग बंद करा!

कोल्हापुरातल्या तमाम फुटबॉलप्रेमींना, तालमींच्या कार्यकर्त्यांना, प्रशिक्षकांना, शाळांच्या क्रीडाशिक्षकांना आणि सगळ्यात आधी आई-वडिलांना –

सकाळी कुठल्याही मैदानावर जा. दहा-अकरा वर्षांची पोरं रांगेत उभी असतात. चार-पाच पावलांवरून प्रशिक्षक हातानं चेंडू उडवतो, पहिलं पोरगं उडी मारून कपाळ पुढं करतं, चेंडू परत जातो आणि पोरगं डोळे मिचकावत रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहतं. एखादं कपाळ चोळत असतं. एखादं ऐनवेळी डोळे मिटतं, चेंडू टाळूवर बसतो, आणि लगेच ओरडा येतो, ‘भितोस काय रे?’ मग तेच पोरगं पुढच्या वेळी दात-ओठ खाऊन जास्त जोरात डोकं घालतं. ही रांग बंद करा. हे पत्रक मुख्यतः तेवढ्यासाठीच काढलं आहे.

आम्ही फुटबॉलचे वैरी नाही. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून आमचं अर्धं आयुष्य गेलं. ज्या गावात क्रिकेटच्या लाटेतही पेठापेठांतल्या तालमींनी आपापले संघ पिढ्यान् पिढ्या जिवंत ठेवले, त्या गावात फुटबॉलच्या विरोधात बोलण्याची आमची प्राज्ञा नाही आणि इच्छा तर मुळीच नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात अनिकेत जाधव भारताकडून उतरला तेव्हा आम्हीही गुलाल उधळला. पोरांनी खेळावं, खूप खेळावं. त्यांचा मेंदू मात्र शाबूत राहिला पाहिजे.

कवटीच्या आत मेंदू पक्का बसवलेला नसतो, तो द्रवात तरंगत असतो. मडक्यात लागलेल्या दह्यासारखं समजा. मडक्याला धक्का बसला तर मडकं तडकत नाही, पण आतलं दही मोडतं. वेगानं आलेला चेंडू डोक्यावर बसला की डोकं झटक्यानं मागं किंवा बाजूला फिरतं, मेंदू त्या झटक्याच्या मागं राहतो, आणि आतले बारीक मज्जातंतू ताणले जातात, पिळवटतात. बाहेर टेंगूळ नाही, रक्त नाही, चक्करसुद्धा नाही. खेळाडूला काहीच जाणवत नाही, हाच या दुखापतीतला सगळ्यात मोठा धोका आहे. असे हजारो धक्के वर्षानुवर्षं साठले की काही खेळाडूंच्या मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन चुकीच्या जागी जमू लागतं. पन्नाशी-साठीत माणूस विसरू लागतो, चिडू लागतो, शेवटी घरच्यांना ओळखत नाही. या रोगाचं इंग्रजी लघुनाव सीटीई. त्याचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं.

पोरांच्या बाबतीत गणित आणखी वाईट आहे. शरीराच्या मानानं त्यांचं डोकं जड असतं, मान कच्ची असते आणि मेंदू अजून घडत असतो. त्यात आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकच चेंडू असतो, मोठ्यांचा पाच नंबरचा, ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा, टणक हवा भरलेला. पावसाळ्यात चिखलानं माखला की तो आणखी जड होतो.

इंग्लंडमध्ये जेफ अ‍ॅसल नावाचा आघाडीपटू होऊन गेला. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा. १९६८ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यातला विजयी गोल त्याचा, १९७० च्या विश्वचषकात तो इंग्लंडकडून खेळला. हवेतला चेंडू डोक्यानं मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. २००२ च्या जानेवारीत तो ५९ व्या वर्षी गेला, तेव्हा त्याला स्मृतिभ्रंश होऊन काही वर्षं झाली होती. त्याच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं निकाल दिला, की हा व्यवसायातून जडलेला आजार आहे. खाणकामगाराला धुळीमुळं फुप्फुसाचा रोग होतो, तशीच या मृत्यूची नोंद झाली. त्याच सुमारास फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी दहा वर्षांचा अभ्यास जाहीर केला. त्याचे निष्कर्ष लोकांसमोर कधीच आले नाहीत. २०१४ मध्ये डॉक्टर विली स्टुअर्ट यांनी जतन केलेला अ‍ॅसलचा मेंदू पुन्हा तपासला आणि त्यात सीटीई सापडला. बारा वर्षं त्याच्या बायको-मुलींना दारोदार फिरावं लागलं. १९५८ ला ब्राझीलला पहिला विश्वचषक मिळवून देणारा कर्णधार बेलिनी २०१४ साली वारला. त्याच्याही मेंदूत हेच निघालं. १९६६ चा अंतिम सामना जिंकणाऱ्या इंग्लंडच्या अकरा जणांची नावं काढा: रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स, जॅक चार्लटन, बॉबी चार्लटन. अकरातल्या पाच जणांना स्मृतिभ्रंशानं गाठलं.

चार-दोन नावांनी काय सिद्ध होतं, असं कुणी विचारेल. म्हणून ग्लासगोचा अभ्यास सांगतो. याच डॉक्टर स्टुअर्ट यांच्या पथकानं स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना त्याच वयाच्या, त्याच आर्थिक थरातल्या सुमारे २३,००० सामान्य माणसांशी केली. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. मेंदू झिजवणाऱ्या रोगांनी मरण्याचं प्रमाण फुटबॉलपटूंमध्ये साडेतीन पट होतं. या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: सत्तरीपर्यंत फुटबॉलपटू इतरांपेक्षा कमी मरतात आणि हृदयविकारानं, फुप्फुसाच्या कर्करोगानंही त्यांच्यात कमी मृत्यू होतात. म्हणजे धावणं, खेळणं हे अमृतच आहे. विष असेल तर ते डोक्यावरच्या माऱ्यात आहे.

ते डोक्यावरच्या माऱ्यातच आहे कशावरून? २०२१ मध्ये त्याच पथकानं खेळाडूंच्या जागा वेगवेगळ्या करून पाहिल्या. गोलरक्षकांचा धोका जवळजवळ सामान्य माणसाएवढाच. बचावपटूंचा जवळपास पाच पट. गोलरक्षक तेच जेवण जेवला, त्याच ड्रेसिंग रूममध्ये बसला, त्याच बसनं फिरला. त्यानं फक्त डोक्यानं चेंडू मारला नाही. स्वीडनमध्ये १९२४ ते २०१९ पर्यंत अव्वल लीगमध्ये खेळलेल्या सहा हजार खेळाडूंचा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. तिथला आकडा लहान निघाला, दीड पट, पण गोलरक्षक तिथंही सुटलेले दिसले. दोन देश, दोन वेगळी पथकं, आणि बोट एकाच जागी.

यावर तीन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं, ‘ते जुने चामड्याचे चेंडू होते, पाणी प्यायले की दगड व्हायचे, आताचे हलके.’ कोरड्या चेंडूचं वजन १९३७ पासून बदललेलं नाही. आताचा चेंडू पाणी पीत नाही हे खरं, पण तो जास्त वेगानं येतो, आणि ग्लासगोच्या अभ्यासात खेळाडू कोणत्या दशकात जन्मला यावरून धोक्यात फरक दिसला नाही. दुसरं, ‘आमच्या पेठेतले जुने खेळाडू ठणठणीत आहेत.’ असतील, आणि ते शंभर वर्षं जगोत. विडी ओढणारा प्रत्येक जण कर्करोगानं मरत नाही, म्हणून आपण दहा वर्षांच्या पोराच्या हातात विडी देत नाही. तिसरं उत्तर जरा शिकलेल्यांचं: ‘शंभर टक्के पुरावा अजून कुठं आहे?’ ज्या रोगाचं निदान मेल्यावरच होतं, त्याचा शंभर टक्के पुरावा हवा म्हणणारा आजच्या दहा वर्षांच्या पोराला साठ वर्षं थांबायला सांगतो आहे. तोवर ते पोरगं प्रयोगातला उंदीर!

जगातल्या फुटबॉल संघटना थांबलेल्या नाहीत. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघानं २०१५ च्या अखेरीस निर्णय घेतला: दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग पूर्ण बंद, अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना सरावात मोजकंच. २०२० च्या फेब्रुवारीत इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडनं प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून ते काढून टाकलं. त्यानंतर इंग्लंडनं अकरा वर्षांखालच्या सामन्यांतूनही हेतुपूर्वक हेडिंग टप्प्याटप्प्यानं हद्दपार करायला घेतलं, २०२४-२५ च्या हंगामात सात ते नऊ वर्षांखालच्या गटांपासून सुरुवात करून. व्यावसायिक खेळाडूंनासुद्धा तिथं आठवड्याच्या सरावात जोराचे दहाच हेडर मारण्याची शिफारस आहे. फुटबॉल जिथं जन्मला, त्यांनीच हे केलं. त्यांची मैदानं काही ओस पडलेली नाहीत.

आता दुसऱ्या दुखण्याकडे वळतो, कारण तिथं दोष नुसत्या प्रशिक्षकाचा नाही, पायऱ्यांवर बसणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आहे. दोन खेळाडूंची डोकी हवेत आपटतात. एक खाली पडतो. कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी स्प्रे मारतं, कुणी मान चोळतं. पायऱ्यांवरून ‘उठ, उठ’ सुरू होतं. तो लटपटत उठतो, पट्टी बांधून परत उतरतो आणि स्टेडियम डोक्यावर घेतलं जातं. त्या क्षणी त्याचा मेंदू दुखावलेला असेल, तर दुसरा लहानसा धक्काही जिवावर बेतू शकतो, आणि कोवळ्या वयात तर जास्तच. हे टाळ्या वाजवणाऱ्याला माहीत नसतं. पट्टीतल्या वीराचं कौतुक आपल्या हाडीमासी आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जर्नेलसिंग डोक्याला टाके पडलेले असताना आघाडीला खेळला, अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध गोल केला आणि भारतानं सुवर्णपदक मिळवलं. त्या माणसाच्या छातीला आमचा सलाम आहे. पण तेव्हा कुणाला काही ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे, आणि ठाऊक असून पोराला परत उतरवणं याला शौर्य म्हणत नाहीत.

२०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रिस्टोफ क्रॅमर डोक्याला मार बसल्यावरही चौदा मिनिटं खेळत राहिला. शेवटी त्यानं पंचांनाच विचारलं, की ही फायनल आहे का? पंचांनी संघाला सांगितलं, तेव्हा तो बाहेर आला. जगातले उत्तम डॉक्टर ज्या बाकावर बसले होते तिथं ही गत, तर आपल्या मैदानावर, जिथं बऱ्याच सामन्यांना डॉक्टरच नसतो, तिथं काय होत असेल?

फुटबॉलचे नियम बनवणाऱ्या मंडळानं २०२४ पासून स्पर्धांना एक मुभा कायमची दिली आहे. डोक्याला मार बसल्याची शंका आली तर तो खेळाडू बाहेर काढून जादा बदली खेळाडू उतरवता येतो. तो नेहमीच्या बदल्यांमध्ये मोजला जात नाही, आणि समोरच्या संघालाही एक जादा बदली मिळते, म्हणजे कुणावर अन्याय नाही. याला एक पैसा खर्च नाही. स्पर्धेच्या नियमपत्रिकेत एक ओळ घालायची आहे. ती ओळ या हंगामात पडलीच पाहिजे.

कारभारी डोळे मिटून बसले की काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. तिथला हेल्मेटवाला फुटबॉल वेगळा, पण मेंदू तोच. माइक वेब्स्टर हा नावाजलेला खेळाडू २००२ मध्ये पन्नाशीत गेला, डॉक्टर बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत सीटीई सापडला, आणि त्यांनी ते छापल्यावर त्या खेळाच्या व्यावसायिक लीगच्या डॉक्टरांनी लेख मागं घ्यायची मागणी केली. पुढं हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले आणि लीगला शंभर कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यावी लागली. हेल्मेटचा उल्लेख मुद्दाम केला, कारण ‘पोरांना डोक्याला काहीतरी घालू’ हा उपाय कुणीतरी सुचवणारच. हेल्मेट कवटी वाचवतं, आत हलणारा मेंदू थांबवत नाही.

आमचं म्हणणं सरळ आहे. बारा वर्षांखालच्या मुला-मुलींच्या सरावात आणि सामन्यात हेडिंग नको. चेंडू डोक्यानं मारला की अप्रत्यक्ष फ्री किक. त्या वयात पोरांनी पाय घडवावेत: ट्रॅप, पास, दोन्ही पायांनी चेंडू खेळवणं. वाड्याच्या चौकात आणि बोळात खेळून तयार झालेल्या आपल्या जुन्या खेळाडूंची खरी ताकद तीच होती. त्यापुढच्या वयात हेडिंग शिकवायचं तर आधी मान आणि खांदे मजबूत करा, चार नंबरच्या, हवा थोडी कमी केलेल्या चेंडूवर शिकवा, आणि आठवड्याला मोजकंच. डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली, तरी खेळाडू त्या दिवशी परत उतरणार नाही, मग तो फायनलचा दिवस असो की टायब्रेकरची वेळ असो. पंचानं शिट्टी वाजवून त्याला बाहेर काढावं आणि दोन्ही बाकांनी ते निमूट मान्य करावं. ब्रिटनमध्ये गल्लीतल्या खेळाडूंसाठी सरकारनं २०२३ मध्ये सूचना काढल्या, त्यात असा खेळाडू किमान एकवीस दिवस सामन्यात उतरत नाही. आपणही तेच पाळू.

आई-वडिलांनो, हे तुमच्यासाठी. पोरगं मैदानावरून आल्यावर डोकं दुखतंय म्हणालं, उलटी झाली, एकाचे दोन दिसले, तेच तेच विचारू लागलं, झोपेतून नीट उठेना, तर ‘उन्हात खेळला असेल’ म्हणून सोडू नका. लगेच दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना डोक्याला मार बसल्याचं आधी सांगा. पोरगं स्वतःहून सांगणार नाही. संघातली जागा जाईल ही भीती त्याला तुमच्यापेक्षा मोठी वाटते.

तालमीच्या मिटिंगमध्ये हा विषय काढा. पोराच्या प्रशिक्षकाला उद्या सकाळीच मैदानावर गाठून विचारा, की हेडिंग कोणत्या वयापासून घेता आणि किती घेता. उत्तर मिळेपर्यंत त्या रांगेतून आपलं पोरगं बाजूला घ्या, तिथंच दोन पायांत चेंडू देऊन खेळायला लावा. आणि हे पत्रक वाचून झालं की टाकून देऊ नका. शेजारी ज्यांचं पोरगं फुटबॉल खेळतं, त्यांच्या घरी नेऊन द्या.

– पेठेतले फुटबॉलवेडे पालक, कोल्हापूर